सावली आधी लावावी लागते



जून महिना जवळ आला की वृक्षारोपणाची निमंत्रणे येऊ लागतात. मंडळे, शाळा, कारखाने, गृहसंकुले अशा सर्वांनाच त्या दिवसांत झाडांची आठवण होते. रोपे येतात, खड्डे खणले जातात, कुदळीला पाच-सात हात लागतात आणि छायाचित्र निघते. यात वावगे काहीच नाही. अशा कित्येक छायाचित्रांत मीही उभा आहे. यंदा मात्र निमंत्रणपत्रिका हाती पडली तेव्हा आमच्या लोधिवलीच्या बागेची आठवण तीव्रतेने झाली, आणि त्या बागेत आम्ही केलेल्या तीन चुका आपल्यापुढे प्रांजळपणे मांडाव्यात असे वाटले. वादळाने जे नेले ते वादळाच्या खाती जमा आहे. त्यानंतर जे गेले, ते आमच्या हातून गेले.

लोधिवली हे खालापूर तालुक्यातील गाव. मुंबईहून जुन्या महामार्गाने पुण्याकडे निघाले की चौकच्या अलीकडे लागते. एका अंगाला रसायनी-मोहोपाड्याचे कारखाने, तर दुसऱ्या अंगाला प्रबळगड आणि इर्शाळगडाचे सुळके. जवळून पाताळगंगा वाहते. घाटमाथ्यावरील धरणांचे पाणी खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रात वीज निर्माण करून याच नदीत उतरते. १९१५ पासून हा क्रम चालू असल्यामुळे कोकणातील बहुतेक नद्या कोरड्या पडतात त्या वैशाखातही पाताळगंगा वाहती असते. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

आमच्या वसाहतीतील काही कुटुंबांनी मिळून सामाईक मोकळ्या जागेत एक बाग जोपासली होती. चार माड, पाटालगत पोफळींची एक रांग, कुंपणाकडेला कढीपत्ता, जास्वंद, प्राजक्त, आणि मध्यभागी एक मोठा आंबा. तो आंबा शेजारच्या आजींनी लग्न होऊन या घरी आल्यावर कोय पुरून वाढविलेला. सायंकाळी वडीलधारी मंडळी त्याच्या पारावर बसत. मुलांचे खेळ तेथेच चालत. महामार्गाने विहार करणाऱ्या साध्वीजी कधी सकाळच्या प्रहरी त्या सावलीत क्षणभर विसावत. बाग कोणा एकाच्या मालकीची नव्हती. म्हणूनच ती सर्वांना आपली वाटे.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. हे नाव बांगलादेशाने सुचविलेल्या नावांपैकी होते. वाऱ्याचा वेग ताशी शंभर ते एकशेवीस किलोमीटरच्या घरात होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबाग या किनारपट्टीवर त्याने जो विध्वंस केला, त्याच्या तुलनेत आम्हा आतल्या भागातील लोकांचे नुकसान अल्पच म्हणावे लागेल. तरीही पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले, आणि तिन्हीसांजेला आम्ही बाहेर पडून पाहिले तेव्हा बागेच्या जागी फांद्यांचा ढीग होता. दोन माड आडवे झाले होते. एक माड पडताना पोफळींची जवळजवळ सगळी रांग घेऊन पडला होता. आंबा कलला होता. त्याची एका बाजूची मुळे उघडी पडली होती, पण दुसऱ्या बाजूची मुळे अद्याप मातीत होती.

ते टाळेबंदीचे दिवस होते. अडीच महिने घरात कोंडलेल्या माणसांना करण्याजोगे काम मिळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी, तोंडाला मुखपट्ट्या बांधून, वसाहतीतील यच्चयावत तरुण बागेत हजर झाले. कोयते आले, करवती आल्या, कोणी यांत्रिक करवतही मिळविली. दोन दिवसांत आम्ही जागा स्वच्छ केली. त्या स्वच्छतेत आंबाही गेला. कललेले झाड मुलांच्या अंगावर पडेल, असे कोणी म्हणाले. ते सर्वांना पटले. बुंधा कापला, मुळे खणून काढली आणि खड्डा बुजविला.

आजी त्या वेळी आजारपणामुळे घराबाहेर पडत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी दारात येऊन त्यांनी मोकळ्या जागेकडे पाहिले. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "अरे, मुळं होती ना अजून मातीत? मला विचारायचं तरी होतं."

ही आमची पहिली चूक. झाडाझाडांत भेद असतो आणि तो आम्हाला ठाऊक नव्हता. माड आणि पोफळ यांना एकच शेंडा असतो. वाढीचा सारा जीव त्या एका कोंबात. शेंडा मोडला की खोड कितीही सरळ उभे असले तरी ते झाड संपले. याउलट आंबा, फणस, जांभूळ यांचा जीव असा एका जागी नसतो. फांद्या छाटून भार हलका करावा, उघड्या मुळांवर माती चढवावी, टेकू द्यावा, म्हणजे असे झाड पुष्कळदा सावरते. अगदी बुंधा राखला तरी त्याला धुमारे फुटतात. आम्ही नेमके उलट केले. शेंडा मोडलेल्या दोन पोफळी सरळ उभ्या आहेत म्हणून आशेने राखल्या, आणि आडवा झालेला पण जिवंत असलेला आंबा तोडला.

दुसरी चूक पडलेल्या माडांबाबत झाली. त्यांचे ओंडके आम्ही कुंपणाशी रचून ठेवले. पुढे पाहू, असे म्हणत पावसाळा गेला आणि ओंडके कुजू लागले. कुजणारे माडाचे खोड हे गेंड्या भुंग्याचे प्रसूतिगृहच होय. त्याची मादी तेथे अंडी घालते, अळ्या त्या कुजक्यावर पोसल्या जातात, आणि पुढे भुंगे जिवंत माडांच्या शेंड्यात शिरून कोवळी, न उमललेली पाने कुरतडतात. ते पान उलगडते तेव्हा कात्रीने कापल्यासारखे दिसते. आमच्या वाचलेल्या दोन माडांवर तशी पाने दिसली तेव्हा उशीर झाला होता. सोंड्या भुंग्याची गोष्ट आणखी निराळी. तो जिवंत झाडाच्या जखमेत अंडी घालतो. स्वच्छतेच्या उत्साहात आम्ही हिरव्या झावळ्याही छाटल्या होत्या. म्हणजे त्यालाही आम्हीच दार उघडून दिले.

मग प्रश्न उभा राहिला तो औषधफवारणीचा. आपल्या घरांतून अशा प्रसंगी जी घालमेल होते, ती आमच्याकडेही झाली. भुंगे मारावेत तर मन धजत नाही. न मारावेत तर माड जातात. वसाहतीतील एक वयोवृद्ध श्रावक तेव्हा जे म्हणाले ते मला आजवर पुरले आहे. त्यांचे म्हणणे असे की, मारावे की न मारावे हा प्रश्न आपण निर्माण केला. ओंडके वेळीच चिरून, सुकवून हलविले असते तर तेथे जीव उपजलेच नसते आणि हा पेच पडलाच नसता. अहिंसेचा मोठा भाग प्रसंग येण्यापूर्वीच पाळावा लागतो.

तिसरी चूक सर्वांत गाजावाजाची. त्याच जुलैत आम्ही नवी रोपे लावली. पोफळीची रोपे आणली, जायफळाचीही आणली, कारण कोकणच्या वाडीत जायफळ शोभते असे ऐकून होतो. छायाचित्र निघाले. पावसाळाभर रोपे तरारली. हिवाळा निभावला. एप्रिल उजाडला, ऊन चाळिशीकडे सरकले आणि पाने कडेने करपू लागली. आम्ही पाणी वाढविले. पाण्याची वाण नव्हती. पाताळगंगा वाहत होती, नळालाही पाणी होते. तरीही मे अखेर जायफळ एकही उरले नव्हते आणि पोफळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या होत्या. पाणी असूनही बाग का जळली, हे आम्हाला उमगेना.

त्याचे उत्तर २०२१ च्या दिवाळीनंतर श्रीवर्धनला मिळाले. घरगुती कामासाठी गेलो असता परिचयातील एका बागायतदारांच्या वाडीत जाणे झाले. वादळाला दीड वर्ष होत आले होते. तेथे पाहिले त्यापुढे आमची बाग म्हणजे कुंडीतले रोप. श्रीवर्धनची रोठा सुपारी सर्वदूर प्रसिद्ध. त्या पोफळींच्या वाड्या तीन-तीन पिढ्यांच्या. जिथे भर दुपारी काळोखी असायची, तिथे आता वर उघडे आभाळ दिसत होते.

वाडी म्हणजे नुसती झाडांची दाटी नव्हे. ते मजल्यांचे घर असते. सर्वांत वर माड, त्याच्या गळत्या उन्हात पोफळ, पोफळीच्या खोडावर मिरीचा वेल, त्याखाली जायफळ, आणि तळाशी केळी, अननस, आळू. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने माडाच्या बागेत मसाल्याची झाडे घेण्याच्या याच पद्धतीला शास्त्रीय बैठक दिली आणि ती 'लाखी बाग' या नावाने प्रसिद्ध झाली. परंतु या रचनेचे एक मर्म आहे. वरचा मजला कोसळला की खालच्यांचे छप्परच जाते. वादळात न पडलेली जायफळे पुढच्या उन्हाळ्यात उन्हाने जळू शकतात. सरळ उभ्या राहिलेल्या पोफळीच्या खोडालाही नैर्ऋत्येचे तिरपे ऊन लागले की चट्टे पडतात, साल तडकते आणि काही वर्षांत झाड तेथूनच मोडते. म्हणून जाणते लोक अशा खोडांना पोफळीचीच विरी किंवा झावळ्या गुंडाळून ठेवतात.

नुकसानभरपाईची कथाही तेथेच उलगडली. शासनाने बागायतीसाठी हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर केले होते. आकडा मोठा दिसतो. परंतु वाड्या हेक्टरात नसतात, गुंठ्यांत असतात. एका हेक्टरचे सुमारे शंभर गुंठे. तेव्हा दहा गुंठ्यांच्या वाडीला हिशेबाने येतात पाच हजार रुपये. पडलेली झाडे कापून बाहेर काढण्याची मजुरीच त्याहून अधिक. मोजणी क्षेत्रावर न करता झाडांवर करावी, ही बागायतदारांची मागणी त्यातूनच पुढे आली. आणि पैसे मिळाले तरी वर्षे कोण देणार? पोफळ फळावर येण्यास पाच ते सात वर्षे, उंच जातीच्या माडालाही तितकीच, जायफळाला सात-आठ. साठीच्या माणसाने आज वाडी लावली तर तिचे पूर्ण उत्पन्न पाहणे बहुधा मुलाच्या वाट्याला येते.

मी आमच्या जळलेल्या रोपांची हकिगत सांगितली. बागायतदारांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "तुम्ही झाडं लावलीत. सावली कुठं लावलीत?"

मग त्यांनी आपली नवी लावणी दाखविली. आधी केळी लावल्या होत्या. केळीला कोणाच्या सावलीची गरज नाही. ती वर्षभरात डोक्यावर जाते आणि तिच्या पानांखाली पोफळीचे रोप सुखाने वाढते. पोफळ उंच होईतो केळीचे दोन-तीन घड निघतात, घरात चार पैसे येतात. पुढे तिचे काम संपले की ती विरळ करायची. जायफळ तर याहूनही पुढे, पोफळींची सावली धरल्यानंतर. ज्या झाडासाठी आपला जीव तळमळतो, ते शेवटी लावायचे. रोपेही बाजारातून घाईने आणायची नाहीत. वादळात टिकून राहिलेल्या, वर्षानुवर्षे चांगले फळ देणाऱ्या झाडांची सुपारी बेण्यासाठी निवडायची, रोपवाटिकेत वर्ष-दीड वर्ष वाढवायची, मग जमिनीत. श्रीवर्धनला सुपारी संशोधन केंद्र आहे, जवळपास रोपवाटिका आहेत. परंतु सुपारीला लवकर उगव असे कोणालाच सांगता येत नाही.

परतीच्या वाटेवर मला सारखे वाटत राहिले की हे केवळ झाडांचे शास्त्र नव्हे. संकटानंतर धावून येणाऱ्या आपल्या सर्वांनाच ते लागू आहे. आपण येतो तेव्हा आपल्याला जायफळ लावायचे असते, म्हणजे नावाचे, दिसणारे, लक्षात राहणारे काम. केळी लावण्याचे काम कोणाच्या लक्षात राहत नाही. ओंडके हलविणे, खोडाला विरी गुंडाळणे, एप्रिलमध्ये सकाळी सहाला पाणी देणे, ही सारी केळीची कामे. ती झाली नाहीत तर पुढचे काहीच टिकत नाही.

आम्ही पुन्हा आरंभ केला तो २०२२ मध्ये, आणि या वेळी छायाचित्राविना. खड्डे एप्रिलमध्येच खणून ठेवले. बागायतदार खड्डे उन्हात तापू देण्यासाठी तसे करतात. आमच्या वडीलधाऱ्यांचे कारण वेगळे होते. पावसात माती सूक्ष्म जीवांनी भरून येते, तेव्हा खणणे नको. दोन्ही कारणांनी काम एकाच महिन्यात आले, याचे आम्हाला समाधान वाटले. त्या पावसाळ्यात फक्त केळी आणि शेवगा लावला. येणारे-जाणारे विचारीत, "वादळानंतर एवढंच लावलंत?" आम्ही हो म्हणत असू.

पाण्यासाठी एक वही केली. प्रत्येक कुटुंबाला एक वार. पहिल्याच वर्षी कळले की वही बिघडते ती दोन वेळा, दिवाळीत आणि मे महिन्याच्या सुट्टीत. सर्व जण गावी किंवा यात्रेला जातात आणि नेमके तेव्हाच रोपांना पाणी हवे असते. उपाय आजींनी सुचविला. जाणाऱ्याने जाण्यापूर्वी आपल्या वारापुढे दुसऱ्याचे नाव त्याच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यायचे. तोंडी सांगितलेले धरायचे नाही. वही आजींच्या घरी राहू लागली. कोणाचा वार चुकला तर त्या बोलत नसत. संध्याकाळी वही घेऊन त्याच्या दारी जात आणि, "बाळा, इथं सही राहिली वाटतं," एवढेच म्हणत. आमच्यातील तरण्याताठ्यांपेक्षा घरी राहणाऱ्या वृद्धांनी आणि गृहिणींनी ती बाग अधिक जगविली, हे येथे नमूद करणे माझे कर्तव्य आहे.

केळीच्या सावलीत पोफळींची रोपे लावली ती २०२३ च्या जुलैत. ते काम चालू असतानाच १९ जुलैच्या रात्री आमच्या डोळ्यांसमोरच्या इर्शाळगडाखालील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाची ती वस्ती. वर जाण्यास रस्ता नव्हता, यंत्रे चढू शकली नाहीत. बचाव पथके आणि खोपोली परिसरातील गिर्यारोहक तरुण भर पावसात चिखलवाट चढून गेले आणि हातांनी, फावड्यांनी माती उपसत राहिले. चार दिवसांनी शोधकार्य थांबविण्यात आले तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. त्या दुःखाशी आमच्या बागेची तुलना करण्याचे पाप मी करणार नाही. आमच्यातील काही जण शिधा आणि कपडे घेऊन चौकला गेले. तेथे आधीच मदतीची रास लागली होती. परतताना आमच्यातील एक जण म्हणाला, "आज देणारे खूप आहेत. आपण दिवाळीनंतर येऊ." मला ते फार शहाणपणाचे वाटले. वाचलेल्या कुटुंबांना पुढे घरे मिळतील, हे तेव्हाही ऐकू येत होते. परंतु डोंगरातील माणसाच्या घराभोवती भोपळ्याचा वेल असतो, शेवगा असतो, पावसाळी भाजीचा वाफा असतो. घर शासन बांधून देऊ शकते. अंगणात पुन्हा सावली यायला मात्र वर्षे लागतात, आणि त्या वर्षांत विचारपूस करणारा कोणी असावा लागतो.

आमच्या पोफळी आता चांगल्या उंच झाल्या आहेत. पोय अद्याप आलेली नाही. येईल तेव्हा येईल. केळी विरळ करण्यास आरंभ झाला आहे. जायफळ अजून लावलेले नाही.

राहता राहिला आंबा. वादळाच्या दिवशी झाडाखाली फळांचा खच पडला होता. आजींच्या सुनेने त्यातील काही घरी नेली होती. त्यांच्या कोया आजींनी परसात डब्यांत लावल्या आणि त्यातील एक रोप जगले. तीन वर्षे ते डब्यातच होते. कोणाला काही बोलल्या नाहीत. पोफळी लावल्या त्या पावसाळ्यात त्यांनी ते रोप आणून दिले आणि जुन्या आंब्याच्या जागी लावण्यास सांगितले. कोयीचे झाड आईसारखेच निघेल असे नाही, आणि ते फळावर येण्यास बरीच वर्षे जातील, हे त्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. आम्ही विचारले, "कुठल्या बाजूला लावू?" त्या म्हणाल्या, "केळीच्या सावलीत लाव. आणि या वेळी वहीत त्याचं नाव वेगळं लिही."

वाचकहो, आपल्याकडेही यंदा वृक्षारोपण होईल. अवश्य जावे. केवळ एक विनंती आहे. रोप हाती घेण्यापूर्वी एका कागदावर तीन नावे लिहून घ्यावीत: येत्या एप्रिलमध्ये पाणी कोण देणार, ते कुटुंब सुट्टीवर गेले तर त्याच्या जागी कोण, आणि तिसऱ्या वर्षी विचारपूस कोण करणार. तीन नावे मिळाली नाहीत तर त्या दिवशी एक रोप कमी लावावे. आणि एखादे जुने झाड तोडण्याचा प्रसंग आलाच, तर ते ज्यांनी लावले त्यांना आधी विचारावे.

पुढील अंकी पुन्हा भेटूच. जय जिनेंद्र.